तीन नंबरचा प्रोग्रॅम

शंतनू माणूस नागपूरचा. पंचेचाळीस डिग्रीत लहानाचा मोठा झालेला. बर्फ म्हणजे त्याच्या लेखी उसाच्या रसात टाकायची वस्तू. असल्या माणसाच्या पोटी स्की रेसर जन्माला यावी, याला काय म्हणावं! क्युपर्टिनोतल्या बाकीच्या मुली गणिताच्या क्लासला जात होत्या, भरतनाट्यमला जात होत्या. नेत्रा आठव्या वर्षी शाळेच्या ट्रिपला टाहोच्या बर्फात स्की करायला गेली आणि घरी येऊन म्हणाली, "बाबा, आय वॉन्ट टू गो अगेन." झालं! पुढची आठ वर्षं हिवाळ्यात दर शुक्रवारी चार तास ड्राइव्ह करून डोंगर गाठायचा आणि रविवारी चार तास परत यायचं. पद्मिनी, म्हणजे नेत्राची आई, पराठ्यांचा डबा मांडीवर घेऊन शेजारच्या सीटवर बसायची आणि घाट आला की डोळे मिटून घ्यायची.

क्लबचा नियम असा, की प्रत्येक पालकाने काहीतरी काम करायचं. बाकीचे बाप गोरेगोमटे, जन्मापासून बर्फात लोळलेले. ते स्कीवरून उतरत उतरत उतारावर काठ्या रोवायचे. शंतनूला स्कीवर नुसतं उभं राहता येत नव्हतं. मग त्याने मुलांच्या स्की तयार करण्याचं काम घेतलं, आणि इथे मात्र गडी हुशार निघाला.

स्की म्हणजे नुसती फळी नव्हे. तिच्या दोन्ही कडांना पोलादी धार असते आणि मधे काळा गुळगुळीत तळ. त्या तळावर फिरत्या दगडाने रेषा पाडाव्या लागतात. पाट्याला टाकी लावतात ना, तसलाच प्रकार. कडक थंडीतल्या कोरड्या बर्फाला बारीक रेषा, मार्च-एप्रिलच्या ओल्या बर्फाला खोल. इथे उलटसुलट झालं की स्की बर्फाला धरून बसते, पळत नाही. पूर्वी हे सगळं लोक गॅरेजमध्ये हाताने करायचे. मग डोंगराखाली ग्लेन नावाच्या माणसाचं स्कीचं दुकान होतं, तिथे ऑटोमॅटिक मशीन आलं. स्की ठेवायची, मशीन बारकोड वाचणार, रोबोटचा हात ती उचलणार, दगड, धार, वॅक्स, आणि आठ मिनिटांत जोडी बाहेर. ग्लेनने मशीन आणलं खरं, पण सेटिंगच्या नावाने बोंब. शंतनू सांता क्लारात असल्याच मशिनांचे कंट्रोल प्रोग्रॅम लिहायचा. त्याने दोन शनिवार बसून तीन प्रोग्रॅम बनवून दिले. एक नंबर कडक थंडीचा, दोन नंबर मधला, तीन नंबर ओल्या बर्फाचा. सगळा क्लब त्याच्यावर खूश! ग्लेनने त्याला पासवर्डच देऊन टाकला. शुक्रवारी पोचलं की शंतनूने मुलांची यादी टाइप करायची आणि कॉफी पीत बसायचं. इतका मान त्याला ऑफिसातसुद्धा कधी मिळाला नव्हता.

मग नेत्रा चौदा वर्षांची असताना वेदांत पडला. वेदांत त्यांच्याच कॉम्प्लेक्समधला, त्याच क्लबातला मुलगा. प्रॅक्टिसला वळण चुकलं, उताराच्या कडेच्या जाळीवर आदळला आणि मांडीचं हाड दोन जागी मोडलं. शंतनू वीस फुटांवर उभा होता. ते ओरडणं त्याने ऐकलं, हेलिकॉप्टर येईपर्यंतचा अर्धा तास पाहिला. पोरगा पुढे बरा झाला, हिंडू-फिरू लागला. शंतनू काही बरा झाला नाही.

पुढच्या शुक्रवारी तो मशीनसमोर यादी घेऊन बसला. बाहेर कडाक्याची थंडी. सगळ्यांच्या नावापुढे एक नंबर टाकला. नेत्राच्या नावापुढे तीन टाकला. धारेला हात लावला नाही. बर्फात धार म्हणजे ब्रेक, एवढं त्याला कळत होतं. फक्त वेग कमी व्हावा, बस्स. पोरगी सांगून ऐकणार नव्हती, पद्मिनीला सांगितलं असतं तर तिने स्कीइंगच बंद केलं असतं. हे कसं, कुणाला दुखवायला नको, कुणाशी भांडायला नको. एक आकडा बदलायचा की आपला जीव भांड्यात. बापाची माया हो, दुसरं काय! असं तो स्वतःला सांगायचा, आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा तीन टाकायचा.

नेत्रा मागे पडायला लागली. वळणं सुरेख घ्यायची, पण सपाटीवर आली की बाकीच्या मुली तिच्या पुढे निघून जायच्या. कोच म्हणाला, वजन कमी पडतंय. मग पद्मिनीने तिला तूप चारलं, पनीर चारलं. पोरगी पहाटे पाचला उठून जिमला जायला लागली. दोन हिवाळे तिने स्वतःला पिळून काढलं. टीमच्या शेवटच्या सिलेक्शनला सहा मुली घेणार होते, ही नववी आली, नऊ दशांश सेकंदाने राहिली. सोळाव्या वर्षी तिने स्की गॅरेजमध्ये टांगली आणि विषय संपवला. खोटं कशाला सांगा, त्या दिवशी शंतनूला सुटल्यासारखं वाटलं.

याला सहा वर्षं झाली. आता नेत्रा देशाच्या पूर्व टोकाला पिस्कॅटवेच्या युनिव्हर्सिटीत शेवटच्या वर्षाला आहे, पाण्याचा आणि बर्फाचा अभ्यास करते. यंदा ख्रिसमसच्या सुट्टीत घरी आली आणि म्हणाली, "बाबा, चल ना, एक दिवस टाहो. फॉर ओल्ड टाइम्स." पद्मिनीचे गुडघे दुखत होते, ती घरी राहिली. बापलेक दोघेच निघाले. निघताना पद्मिनीने शंतनूच्या कानात सांगितलं, "तिला जरा समजाव. अलास्काचा फॉर्म भरतच नाहीये. सोमवारी शेवटची तारीख आहे."

ग्लेनच्या दुकानात स्कीला नुसतं वॅक्स लावून घेतलं. उंची चौदाव्या वर्षानंतर वाढली नव्हती, त्यामुळे जुनी स्की चालून गेली. डोंगरावर कडाक्याची थंडी होती आणि पाहुण्यांसाठी एक छोटी रेस लावलेली होती. पैसे भरा, काठ्यांमधून खाली या, खाली बोर्डावर टायमिंग येतं. नेत्रा एकदा हसत हसत उतरली. एकोणपन्नास पॉइंट आठ. "नॉट बॅड फॉर अ म्हातारी," म्हणाली आणि दोघं सूप प्यायला बसली.

शंतनूने विषय काढला. "अलास्काचं काय ठरवलंस?"

"बाबा, हिमनदीवर दोन वर्षांचं रिसर्च. पूर्ण कंट्रीमधून चार जण घेणार. माझा प्रोफेसर उगाच मागे लागलाय." तिने ब्रेड सूपमध्ये बुडवला. "आय नो माय लेव्हल. सांता क्लाराचा जॉब आहे ना, तो घेते."

"लेव्हल तुला कुणी सांगितली?"

"स्कीइंगने." ती अगदी सहज बोलत होती, तक्रार नव्हतीच तिच्या बोलण्यात. "मी सगळं केलं होतं, राइट? सगळं. तरी ते शेवटचं एक सेकंद कुठून आलंच नाही. सम पीपल आर फास्ट, बाबा. मी नाही. एकदा ते कळलं की लाइफ इझी होतं. मी कॉलेजसुद्धा तसंच निवडलं."

कॉलेजचं शंतनूला ठाऊक नव्हतं. ती पूर्वेलाच मोठ्या नावाच्या आणखी दोन ठिकाणी अर्ज करणार होती, मग केलाच नाही. तेव्हा तो मनात म्हणाला होता, चला, फीची चिंता मिटली.

आणि आता बघा, याच्यापुढे काय वाढून ठेवलं होतं ते. गप्प बसला तर पोरगी घरापासून पंधरा मिनिटांवर नोकरी करणार, रविवारी वरणभाताला घरी येणार. बोलला तर ती हिमनदीवर जाणार, आणि हिमनदीला माणूस गिळणाऱ्या भेगा असतात, हे त्याने केव्हाच गूगल करून ठेवलं होतं. पुन्हा तेच दोन नंबर समोर होते, एक आणि तीन. सूप गार झालं तरी तो चमचा ढवळत होता.

"नेत्रा, तुला एक सांगायचं आहे," तो शेवटी म्हणाला. "तुझी स्की मी स्लो करायचो."

त्याने सांगितलं. वेदांतचं सांगितलं, दगडाचं सांगितलं, खोल रेषांचं सांगितलं. फक्त एक गोष्ट त्याच्या तोंडून नीट निघाली नाही. "किती वेळा?" असं तिने विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "एक-दोनदा."

नेत्रा हसली. खरंच हसली! "ओ माय गॉड, बाबा! सो देसी! तू माझी स्की हॅक केलीस?" मग त्याच्या हातावर थोपटून म्हणाली, "इट्स ओके. तू घाबरला होतास. एक-दोन रेसने काय होतंय." शंतनूचे डोळे भरून आले. इतकं सोपं होतं? सहा वर्षं उगाच छातीवर धोंडा घेऊन हिंडलो?

अभ्यास करणारी मुलगी ती, तिला लगेच टेस्ट करायची हुक्की आली. "आत्ता तळावर खोल रेषाच आहेत, त्या तुझ्या तीन नंबरच्याच ना? चल, एक नंबर करून बघू. सेम डे, सेम कोर्स. परफेक्ट एक्स्परिमेंट!" शंतनू नको नको म्हणत होता. ती स्की खांद्यावर टाकून पुढे निघालीसुद्धा.

ग्लेनने स्की मशीनवर ठेवली. मशीनने बारकोड वाचला आणि स्क्रीनवर नेत्राचं नाव आलं. नावाखाली यादी आली. हाताने काम करणारा माणूस असता तर विसरला असता, निदान सांभाळून घेतलं असतं. मशीनला कुठलं आलंय सांभाळून घेणं! तारीख, प्रोग्रॅम तीन. तारीख, प्रोग्रॅम तीन. जानेवारी, फेब्रुवारी, पुन्हा डिसेंबर. नेत्रा स्क्रीनवर बोट ठेवून खाली खाली जात होती.

"एक्केचाळीस," ती म्हणाली.

ग्लेन त्या दोघांकडे पाहून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. आठ मिनिटं मशीन चालू होतं आणि नेत्रा काचेतून त्या दगडाकडे बघत होती.

स्की बाहेर आली. तिने तळावरून अंगठा फिरवला, वर गेली आणि उतरली. शंतनू खाली जाळीशी उभा होता. आता ती हसत नव्हती. सकाळपासून दमलेले पाय, सहा वर्षांत प्रॅक्टिस नाही, तरी सपाटीवर आली आणि पुढे निघून गेली. बोर्डावर आकडा आला: अठ्ठेचाळीस पॉइंट तीन.

दीड सेकंद. आणि ती राहिली होती नऊ दशांशाने. हे गणित शंतनूला करावं लागलं नाही, त्याला ते सहा वर्षांपासून पाठ होतं. नेत्राला मात्र आत्ता कळलं. ती बोर्डाखाली थांबली, गॉगल काढला आणि तशीच उभी राहिली. मागून येणारे लोक तिला वळसा घालून जात होते.

शंतनू बर्फातून धडपडत तिच्यापर्यंत गेला. "नेत्रा, बाळा, माझं चुकलं. मी फार घाबरलो होतो गं. तुझं हाडबीड मोडलं असतं तर..."

"स्की स्लो केलीस ते सोड," ती म्हणाली. चेहरा पार पांढरा पडला होता. "ते मी समजू शकते. पण प्रत्येक रेसनंतर मी रडायचे आणि तू मला जवळ घ्यायचास. म्हणायचास, नेत्रा, सगळ्यांनाच सगळं जमत नाही. एव्हरी टाइम, बाबा. तू माझे डोळे पुसायचास आणि म्हणायचास, तू प्रयत्न केलास ना, बस्स. मला वाटायचं, जगात एकटा बाबाच माझ्याशी खरं बोलतो."

हे शंतनूच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. सहा वर्षं त्याने मशीनचाच पश्चात्ताप केला होता. त्या आकड्याचा, त्या बटणाचा. पोरीला जवळ घेतलेल्या त्या दुपारी त्याने स्वतःच्या पुण्याईच्या बाजूला धरल्या होत्या.

"मी चांगली होते," नेत्रा म्हणाली. "आणि किती चांगली, ते आता कुणालाच कळणार नाही."

परतताना ती मागच्या सीटवर बसली. पुढची सीट रिकामी होती, शंतनूने हीटर लावून ठेवला होता, पण ती मागचं दार उघडून बसली. थोड्या वेळाने लॅपटॉपच्या कीज वाजायला लागल्या. घाट उतरला, बर्फ संपला, सॅक्रामेंटो मागे पडलं, तरी वाजतच होत्या. त्याला विचारायचं होतं, फॉर्म भरतेस का? भर गं, नक्की भर. पण आता हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला आहे का, हेच त्याला कळेना. आरशात बघितलं तर तिच्या चेहऱ्यावर फक्त स्क्रीनचा उजेड होता.

मग कीज थांबल्या. तिने लॅपटॉप मिटला आणि आईला फोन लावला.

"आई, पाठवला," ती म्हणाली. "हो, अलास्काचा. आत्ताच." पलीकडून पद्मिनीचा आनंदाने चढलेला आवाज गाडीभर ऐकू आला. नेत्राने तिला बोलू दिलं. मग एक-एक शब्द सावकाश मराठीत म्हणाली, "पण बाबाला सांगू नकोस."

शंतनू हातभर अंतरावर बसून गाडी चालवत होता.