सरांच्या छातीचा रिपोर्ट

इथे आखातात, अल कुसैसमधल्या आमच्या हॉस्पिटलने गेल्या वर्षी ठरवलं, की छातीचे आणि हाडांचे एक्स-रे रेडिओग्राफरने नुसते काढायचे नाहीत, त्यांचा रिपोर्टही लिहायचा. वर्षभर ट्रेनिंग झालं, परीक्षा झाली आणि वयाच्या एकावन्नाव्या वर्षी रिपोर्टखाली माझं नाव येऊ लागलं, सुचित्रा. मी घरी मिरवत सांगितलं, तर माझी लेक ओवी म्हणाली, "पण आई, यू वेअर ऑलवेज डुइंग दिस." पोरीचं काही चुकलं नव्हतं.

इथल्याच करामा भागातल्या जुन्या क्लिनिकमध्ये मी हेच करायचे, फक्त बिननावाने. डार्करूममधून ओली फिल्म आणून लाइटबॉक्सवर लावायची. आमचे रेडिओलॉजिस्ट बदरुद्दीन सर, मूळचे म्हसळ्याचे, चहा फुंकत विचारायचे, काय दिसतंय. चुकलं की सगळ्यांसमोर खरडपट्टी. बरोबर आलं की ते मुकाट्याने तेच लिहायचे आणि खाली स्वतःची सही ठोकायचे. त्या सहीचा मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. तरी ते दिवस आठवले की फिल्म धुण्याच्या पाण्याचा आंबट वास नाकात येतो आणि जीव हळवा होतो. आताच्या स्क्रीनला मेला कसलाच वास नाही.

गेल्या मंगळवारी सरच आले, पेशंट म्हणून. रिटायर होऊन मुलीकडे, सफाकडे राहतात. दोन महिने खोकला जात नव्हता, म्हणून तिने ओढून आणलं. एक्स-रे मीच काढला. चित्र स्क्रीनवर आलं. उजव्या फुप्फुसात वरच्या अंगाला सुपारीएवढी सावली होती.

खरं तर पेशंटने आमच्या स्क्रीनच्या खोलीत यायचं नसतं, पण सरांना अडवणार कोण? मागोमाग सफाही आली. सरांनी चष्मा कपाळावर चढवून स्क्रीन पाहिली. "टीबीचा जुना डाग आहे. कॉलेजात झाला होता मला. लिही, ओल्ड स्कार. खलास."

सफाने लगेच अल्लाचे आभार मानले. मीही टाइप करायला घेतलं. पंधरा वर्षं मी त्यांच्या शब्दाबाहेर गेले नव्हते.

पण बोटं अडली. करामात नवीन मशीन आलं, तेव्हा पहिली फिल्म स्टाफपैकीच कुणाची तरी काढायची असा आमचा रिवाज होता. आज कुणी असं केलं तर नोकरी जाईल. त्या दिवशी सरच शर्ट काढून उभे राहिले. मग ती फिल्म लावून आम्हाला म्हणाले होते, निरोगी फुप्फुस असं दिसतं, रोज बघत जा. महिनाभर ती तिथे टांगलेली होती आणि मी रोज बघत होते. कॉलेजातला डाग असता तर तो त्या फिल्मवरही दिसला असता.

"सर, हा डाग जुना नाही," मी म्हटलं. "करामातल्या तुमच्या फिल्मवर तो नव्हता."

"एवढ्या वर्षांपूर्वीची फिल्म तुला आठवते?"

"तुम्हीच रोज बघायला लावली होती."

ज्यांनी मला बघायला शिकवलं, त्यांच्याच छातीबद्दल असं लिहायची पाळी माझ्यावर यावी, याचं फार वाईट वाटलं. तरी लिहिलं. नवीन सावली, कॅन्सर नाही असं म्हणता येत नाही, तातडीने सीटी स्कॅन करावा. खाली नाव टाकलं.

सरांनी ओळ न् ओळ वाचली. आता खरडपट्टी निघणार म्हणून मी मान खाली घालून बसले. ते हळूच म्हणाले, "मलाही दिसलं होतं गं. पण पोरीसमोर तोंडातून निघेना."

सफाचे डोळे भरून आले होते. सर तिच्याकडे वळले.

"सीटीची अपॉइंटमेंट आजचीच घे. मॅडमनी लिहिलंय."

आजवर ते मला कधी मॅडम म्हणाले नव्हते. या दिवसाची मी किती वर्षं वाट पाहिली होती, आणि आता मला तो नको होता.