राजलक्ष्मीचा मान

महाप्याच्या त्या कंपनीत ईमेल घेणारे सर्व्हर एकाचे दोन झाले, तेव्हा ते सांभाळणाऱ्या मानसिंगला करायचं होतं एवढंच: इंटरनेटवरच्या नोंदीत दोन्ही नावांपुढे एकच आकडा लिहायचा. मग येणारी पत्रं निम्मी-निम्मी वाटली गेली असती. पण जुन्या सर्व्हरचं नाव गोजरा आणि नव्याचं राजलक्ष्मी. राजलक्ष्मी म्हणजे मालक बाजीरावसाहेबांच्या मातोश्री. मातोश्री आणि गोजरा एका पंक्तीत बसवणं साताऱ्याच्या माणसाला जमेना. त्याने गोजराला दहा दिले, मातोश्रींना वीस.

त्या नोंदीत लहान आकड्याचा मान आधी असतो, हे त्याने वाचलं होतं. वाचलेलं दर वेळी हातात उतरतंच असं नाही.

झालं, सगळी पत्रं गोजराच्या दारात. ती कोसळली असती तरी बरं, पत्रं राजलक्ष्मीकडे वळली असती. पण गोजरा कोसळेना. येईल ते घेत राहिली आणि दुसऱ्या दिवशी पोचवत राहिली. राजलक्ष्मी एसीत हिरवा दिवा लावून नुसती बसलेली. मस्कतच्या गिऱ्हाइकाची ऑर्डर अशीच शिळी होऊन आली. साहेबांनी जाब विचारला आणि मानसिंगच्या तोंडून निघून गेलं, "गोजरा दीक्षा बघते, साहेब."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच जास्त वाईट होतं. त्याच्या हाताखालच्या दीक्षाची नोकरी अजून कच्ची होती आणि त्याच आठवड्यात ती कायम व्हायची होती.

दोन दिवसांनी मानसिंगने नोंद उघडली, आकडे पाहिले आणि त्याची कानशिलं तापली. त्याने गुपचूप दोघींना दहा-दहा केले. पत्रं वाहू लागली.

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. "मानसिंगने मार्गी लावलं. दीक्षाचं कायम होणं तूर्त थांबवू."

"साहेब, चूक माझी होती."

साहेब गहिवरले. "बघा. पोरीला वाचवायला स्वतःच्या अंगावर घेतोय. याला म्हणतात खानदान."

टाळ्या पडल्या. मानसिंगने त्या उभ्याने खाल्ल्या.

बाहेर दीक्षा म्हणाली, "मानसिंग सर, एक रिक्वेस्ट. हा मोठेपणा बंद करा. नाव तुमचं मोठं होतं, चूक माझीच राहते."

तो परत केबिनमध्ये गेला आणि फळ्यावर दहा आणि वीस लिहिले. "लहान आकडा आधी, साहेब. मी मातोश्रींना मोठा दिला."

"म्हणजे आईसाहेबांकडे एकही पत्र नाही?"

"नाही. सगळं गोजराने ओढलं. दीक्षाने तिला चालू ठेवलं, म्हणून माझी चूक इतके दिवस झाकली गेली."

साहेबांनी गहिवर परत घेतला. "तिला आत पाठव, सही करतो. तू बाहेर थांब."

दीक्षा त्याच्याकडे न बघता आत गेली. अकाउंट्सचे सिताराम चहा घेऊन येत होते. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, "मन मोठं रे तुझं."

"थांबा, काका," मानसिंग खाली मान घालून म्हणाला. "तुम्हालाही सांगायचंय."