मागचा लंगर

सुनीतीला पोहता येत नव्हतं. नरहरला येत होतं, पण तो यवतमाळच्या विहिरीत पोहायला शिकला होता, आणि पैनगंगा काही विहीर नव्हती.

एकसष्ट सालच्या भाद्रपदात नदीकाठी पाणी मोजणाऱ्यांचा तळ पडला होता. नरहर तिथला ओव्हरसियर. नोंदी घेणारा कारकून ताप घेऊन दिग्रसला गेला, तेव्हा बी.एस्सी. झालेली बायको घरात असताना माणूस कशाला शोधायचा, असं नरहरला वाटलं. सुनीती तयार झाली. पहिल्या दिवशी होडीत पाय ठेवताना मात्र तिच्या डोक्यात एकच हिशेब होता: आई आणि बाप, दोघंही एकाच होडीत. सात महिन्यांची रत्ना काठावर, तिला सांभाळणाऱ्या रुपीबाईच्या मांडीवर. आज तिसरा दिवस होता, तरी तो हिशेब काही जात नव्हता.

होडी शिडाची होती, कोकणातून मालमोटारीनं आलेली. शीड कसं धरायचं ते नरहर कागद वाचून शिकला होता. पुढं एक लंगर, मागं एक. मागचा पंधरा किलोचा, काठाजवळच्या संथ पाण्यात टाकायचा. प्रवाहात तो आवळून बांधून ठेवायचा. ते काम रुपीबाईच्या नवऱ्याचं, धावजीचं. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर मिठाच्या गोण्या लादून मुलूखभर हिंडलेला. ओझं बांधावं तर तांड्यातल्या माणसानं, असं नरहरही म्हणायचा.

"पक्का बसला का रे, धावजी?"

"साहेब, होडी उलटी करा, लंगर हालनार नाही."

"उलटी कशाला करतोस बाबा, सरळच राहू दे."

सुनीती जवळच बसली होती. लंगर फळीवर घट्ट बसला होता, पण गाठीतून दोरीचं वीतभर टोक बाहेर लोंबत होतं. "हे टोक मोकळं का ठेवलं?" तिनं विचारलं.

"बाईसाहेब, बैल चिखलात बसला तं गाठ सोडत बसाल का? टोक वढलं का वझं खाली. बैल वाचते." धावजी हसला. "काहून, भेव वाटून राह्यलं का?"

"वाटतंय," सुनीती म्हणाली.

गाठ तिला हुशारीची वाटली. एक झटका दिला की सगळं सुटतं. हुशारीची आहे खरी, पण इथं चुकून झटका बसला तर, हा प्रश्न तिच्या मनात आला आणि तिनं तो विचारला नाही. बाईमाणूस, त्यात तिसराच दिवस. गाठी बांधण्यात धावजीला काय शिकवायचं!

मधल्या धारेत पाणी मातकट होतं, आणि त्याला आवाज नव्हता. काठावर ते खळखळायचं. इथं नुसतं सरकत होतं, जाड, वेगानं. नरहर डोलकाठीपाशी, धावजी मागं सुकाणूवर, त्याच्या शेजारी मांडीवर वही घेतलेली सुनीती. वाऱ्याची एक झुळूक उलटी आली. शीड फटकन या अंगाचं त्या अंगाला गेलं. त्याची सैल दोरी मागच्या फळीवरून झाडूसारखी फिरली, लोंबत्या टोकात अडकली, आणि ताणली गेली.

गाठ सुटली, अगदी बैलाची सुटते तशी. लंगर घरंगळत कडेवरून गेला. मागून दोर सरसरत गेला, संपला, आणि होडीला असा हिसका बसला की सुनीतीचे दात एकमेकांवर आपटले.

होडी थांबली. नदी थांबली नाही. होडीचं मागचं सपाट तोंड प्रवाहाकडं फिरलं आणि पाणी त्याच्यावर चढू लागलं. सुनीती कडेकडं बघत राहिली. पाणी चार बोटं खाली होतं. तीन बोटं. मोजायची सवय भीतीतही सुटत नव्हती.

"थांब, मी येतो!" नरहर मागं निघाला.

"येऊ नका! तुमच्या वजनानं हे टोक बुडेल!" तिचा आवाज चिरकला. "धावजी, तुम्हीसुद्धा पुढं जा. आत्ता."

"मी कापतो ना दोर—"

"तुम्ही जड आहात! जा ना हो!"

धावजीनं कमरेचा विळा तिच्या हातात कोंबला आणि गुडघ्यांवर रांगत पुढं गेला. मागचं टोक एक बोटभर उचललं गेलं. तेवढंच. कडेवरून पहिली लाट आत आली, वही भिजली, तिचं लुगडं मांड्यांना चिकटलं. तिला रत्ना आठवली नाही. पुढं कित्येक दिवस ती याचीच लाज बाळगून होती. तिला फक्त दोर दिसत होता, काठीसारखा ताठ, थरथरणारा. तुटला की तो उसळणार, म्हणून तिनं तोंड बाजूला घेतलं आणि विळा ओढला. एक पीळ तुटला. दुसरा. पाणी कमरेशी आलं. तिसरा पीळ विळ्यानं तुटला नाही, नदीनंच तोडला.

होडी गर्रकन फिरली. अर्धा मैल खाली ती बाभळींच्या मुळांना अडकली.

रुपीबाई काठाकाठानं पळत आली, कडेवर रत्ना. तिनं नवऱ्याकडं बघून तोंड सोडलं, "अरे मेल्या, पान्यात काय बैल चालते?" धावजीनं मान वर केली नाही. "साहेब, लंगर गेल्याच्या कागदावर माहं नाव लिवा," एवढंच म्हणाला.

"लिहिणारच आहे," नरहर म्हणाला, "माझ्या नावाखाली. मी तपासलं नव्हतं."

"मी पाहिलं होतं," सुनीती म्हणाली. तिघंही तिच्याकडं बघू लागले. "टोक पाहिलं होतं मी. आणि गप्प बसले." मग तिनं नवऱ्याला सांगितलं, "अहो, यापुढं आपण दोघं एका होडीत बसायचं नाही."

नरहरनं होकारार्थी मान डोलावली. वाद घालायचं त्राण त्याच्यात नव्हतं.

चार दिवसांनी नवा लंगर आला. तो धावजीनं बांधला, टोक दोनदा फासात अडकवलं, वर आणखी एक दोर आवळला. सुनीतीनं प्रत्येक गाठ बोटांनी दाबून पाहिली आणि मग ती काठावर राहिली.

होडी लांब गेली. ओल्या चिखलात रत्नाला छातीशी धरून उभं राहिल्यावर तिला कळलं, की होडीतली भीती बरी होती. तिथं हाताला काम होतं. इथून फक्त शीड दिसत होतं, आणि होडीची मागची बाजू कितीही टाचा उंचावल्या तरी दिसत नव्हती.