वाईट बातमी घरी जाऊन

मोरीपाशी बसून मी मांदेली साफ करत होते. माझी नात मनस्वी खोलीतून मोबाइल घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. एरवी या पोरीचं आधी तोंड येतं, मागून ती येते. आज तोंड बंद.

"आजी, टीईटीचा निकाल लागला," ती म्हणाली. "मम्मी नापास झाली."

मी म्हटलं, नीट बघ. तिने नंबर पुन्हा घातला. तेच आलं. थोडक्या मार्कांनी गेली होती.

मम्मी म्हणजे माझी सून, अरुणा. जुईनगरच्या एका शाळेत शिकवते आणि शिक्षकांच्या संघटनेची चिटणीस आहे. चिटणीस म्हणजे काही मोठं नाही. खुर्ची अध्यक्षाची, हार अध्यक्षाचा, पेपरात फोटो अध्यक्षाचा. सरकारचा नवा कागद निघाला की तो वाचायचा आणि मास्तरांना समजावून सांगायचा, एवढं काम आमच्या सुनेचं. कोणाचं प्रशिक्षण राहिलं म्हणून वरची वेतनश्रेणी अडली, कोणाला जुनी पेन्शन, कोणाला नवी, शाळेत मुलं कमी झाली तर कोण जादा ठरणार, सगळं तिला विचारायचं. एवढी शिकलेली माणसं, पण सरकारी कागद पुढे आला की आमच्या म्हशी ट्रक बघून बुजायच्या तशी बुजतात. दर रविवारी आमच्या ओट्यावर जमतात. चपला अशा फेकतात की येणाऱ्याला वाटावं घरात हळद आहे. मी दर रविवारी बोलते, ते दर रविवारी हसतात, आणि चपला तशाच.

गेल्या वर्षी कोर्टाचा निकाल आला. वीस-वीस वर्षं शिकवणाऱ्यांनीसुद्धा ही टीईटी, म्हणजे शिक्षकांची पात्रता परीक्षा, दोन वर्षांत पास करायची, नाहीतर नोकरी सोडायची. ज्यांच्या निवृत्तीला पाच वर्षांहून कमी राहिलीत, त्यांना तेवढी सूट. त्या रविवारी ओट्यावरचा चहा तसाच गार झाला. तळोज्याच्या भागीरथी मॅडम रडायलाच लागल्या. म्हणाल्या, आता या पिकल्या केसांनी पोरीबाळींच्या शेजारी बसून पेपर लिहू का? अरुणाने सांगितलं की संघटना दाद मागणार, कोर्टात जाणार, सरकारकडे जाणार. पण त्यावर कोणी विसंबून राहू नका, अभ्यासाला लागा. तरी माना खालीच.

तेव्हा ती म्हणाली, "मी पण बसते तुमच्याबरोबर. पहिला फॉर्म माझा."

दिलीप सर म्हणून एक आहेत. बोलणं गोड, डोळा चिटणिसाच्या जागेवर. ते हसत म्हणाले, "मॅडम, तुम्ही पास झालात तर आम्हाला धीर. नाहीतर आम्ही ऐकायचं कोणाचं?" सगळे हसले. मी नाही हसले. मला तेव्हाच कळलं, या बाईने आपली सगळी पत त्या पेपरावर लावली.

त्यानंतर संध्याकाळी ती कधी घरात उगवलीच नाही. कधी भागीरथी मॅडमकडे गणित शिकवायला, कधी आणखी कोणाकडे इंग्रजी. स्वतःचं पुस्तक पिशवीत, पिशवी खुंटीला.

आता तिची एक रीत सांगते, म्हणजे मी पुढे काय केलं ते कळेल. चांगली बातमी ती ग्रुपवर टाकते. वाईट बातमी माणसाच्या घरी जाऊन सांगते. मला आधी वाटायचं, हिला फिरायची हौस. एकदा उलव्याला माझ्या भाचीकडे जायचं होतं, म्हणून तिच्याबरोबर निघाले. तिला तिथे स्वानंद सरांकडे जायचं होतं. तरुण माणूस, नवा फ्लॅट, डोक्यावर हप्ता, आणि नोकरीची मान्यता सरकारने नाकारलेली. त्याला ते अजून माहीत नव्हतं. अरुणा बसली, पाणी प्यायली आणि पहिल्याच वाक्यात म्हणाली, "सर, तुमची मान्यता नाकारली." ना पोरांची चौकशी, ना फ्लॅटचं कौतुक.

तो म्हणाला, असं कसं? अरुणा गप्प. तो चिडला, शाळेला बोलला, सरकारला बोलला, संघटनेलाही सोडलं नाही. हिने हूं की चूं केलं नाही. त्याची बायको स्वयंपाकघराच्या दारात कणकेचे हात घेऊन उभी. मला तर वाटलं, उठावं आता. पण ही हलेना. शेवटी तो खाली बघत म्हणाला, मग आता काय? तेव्हा हिने पिशवीतून कागद काढले आणि अपील कुठे करायचं, कसं करायचं, ते सांगायला बसली.

जिना उतरताना मी विचारलं, एवढा वेळ मुक्यासारखी का बसलीस?

"आई, पहिला प्रश्न दुःखाचा असतो," ती म्हणाली. "त्याला उत्तर नसतं. तो बोलून होऊ द्यायचा. दुसरा येईपर्यंत उठायचं नाही."

आमची भातशेती शहरासाठी सरकारने घेतली तेव्हा नोटीस देवळाच्या भिंतीला चिकटवली होती. वाचता येणाऱ्याने वाचली, बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं. सांगायला आमच्या उंबऱ्यावर कोणी आलं नव्हतं. त्यामुळे सुनेची रीत मला कोणी समजावून द्यायची गरज नव्हती.

तर मनस्वी म्हणाली, "मम्मीला व्हॉट्सॲप करते. मधल्या सुट्टीत बघेल."

"ठेव तो फोन," मी म्हटलं. "तुज्या आयशीनं कवा कोनाला अशी बातमी फोनवर दिली? बाकीच्यांचे परीक्षेचे नंबर हायेत ना तुज्याकडं? ते बघ. मी लुगरं बदलतंय."

रिक्षा शाळेच्या अलीकडच्या कोपऱ्यावर सोडली. दारात रिक्षातून उतरायला मी काही पाहुणी नव्हते. गुडघे कुरकुरले, कुरकुरू दिले. वॉचमन शिवा गावातलाच, त्याने आपलं स्टूल दिलं. सुट्टी झाली, पोरं नळावर धावली, आणि मागून अरुणा आली. मला बघून तिची पावलं मंदावली. इतक्या वर्षांत मी त्या फाटकाशी कधी गेले नव्हते. तिला काय ते तिथेच कळलं असणार. तरी जवळ आली आणि आपली पाण्याची बाटली पुढे केली. मी दोन घोट घेतले.

"अरुना, निकाल लागला. तू नापास झालीस."

ती नळावरच्या पोरांकडे बघत राहिली. दुसऱ्यांच्या घरी गणितं सोडवत फिरलीस, आता भोग, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मला ओळखणारे सांगतील, माझ्या ओठांवर आलेलं कधी परत जात नाही. त्या दिवशी गेलं.

"भागीरथी मॅडम?" तिने विचारलं.

"पास."

"चला." ती हसली. ओठच हसले. मग पदर सारखा करत म्हणाली, "मग आता काय, आई?"

पहिला प्रश्न तिने विचारलाच नाही. मला ते टोचलं. पण म्हटलं, "मना काय इचारतंस? सगल्यांना जे सांगतंस, तेच आपल्याला सांग."

तिने शिवाकडून फोन मागून घेतला, तिचा स्टाफरूममध्ये होता म्हणून. मग विचार बदलला, त्याचा परत दिला आणि आत जाऊन आपला घेऊन आली. माझ्यासमोर उभं राहून ग्रुपवर बोलली. "नमस्कार, मी अरुणा. मी टीईटी पास झाले नाही. जे झाले त्यांचं मनापासून अभिनंदन. जे माझ्यासारखे राहिले त्यांना अजून संधी आहे. चिटणीस बदलायची असेल तर रविवारी ठरवा. संध्याकाळचा अभ्यास नेहमीप्रमाणे होईल."

मी म्हटलं, वाईट बातमी ग्रुपवर?

"माझी आहे ना. माझी चालते," ती म्हणाली.

घंटा झाली. ती वर्गात गेली. मी स्टुलावरून उठले नाही. खिडकीतून तिचा आवाज येत होता, रोजचाच, एक ओळ ती सांगत होती आणि पोरं मागून म्हणत होती. शाळा सुटली तेव्हा आम्ही दोघी मिळून घरी आलो.

ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. सगळ्यांनी ऐकलं होतं, मनस्वीने निळ्या खुणा दाखवल्या. एरवी कोणाच्या मांजराचा फोटो आला तरी अंगठे वर करणारी माणसं. दिलीप सरांचंही काही नाही. अरुणाने फोन पालथा ठेवला आणि मांदेली तळायला घेतली. आमटीत दोनदा मीठ पडलं. माझा मुलगा मिथुन पहिल्या घासाला थांबला, माझ्याकडे बघितलं आणि मुकाट जेवला.

जेवणं झाली तोच ओट्यावर स्वानंद सर आले, हातात हेल्मेट. आत येऊन बसले, पाणी मागितलं. त्यांच्या मागून भागीरथी मॅडम, तळोज्याहून, धाप लागलेली. मग एकेक करत बाकीचे. दिलीप सरही आले आणि दाराजवळची जागा धरून बसले. अरुणा पदराला हात पुसत स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तिथेच खिळली.

भागीरथी मॅडमनी ग्लास रिकामा केला. खाली ठेवला.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "तुम्ही नापास झालात."

तिने सगळ्यांकडे बघितलं. मग भिंतीला टेकून खाली बसली. दिवसभर जे कुठे अडकलं होतं ते आता आलं.

"असं कसं झालं हो?" ती म्हणाली.

कोणी उत्तर दिलं नाही. दिलीप सरांनीसुद्धा नाही. कोणी समजूत घातली नाही, कोणी उठलं नाही. सगळे बसून राहिले.

ओट्यावर पालथा घातलेला चहाचा मोठा टोप आणायला मी बाहेर गेले. चपला उंबऱ्यापासून पायरीपर्यंत, एक इकडे, एक तिकडे, पाय ठेवायला जागा नाही. त्या दिवशी मी कोणाला काही बोलले नाही.