सत्काराच्या शालीची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी शाल आहे. पांघरायची नव्हे, सत्काराची. लुधियानाहून गठ्ठ्यात बांधून दौंडच्या बाजारात आले आणि तिथून भांडगावजवळच्या एका वस्तीवरच्या प्राथमिक शाळेत. ऊब देणं माझ्या नशिबी कधी आलंच नाही. पाच मिनिटं खांद्यावर, बाकी वर्ष कपाटात, डांबराच्या गोळ्यांशेजारी.

यंदा मात्र दर महिन्याला काम लागलं. मुलांच्या मनातलं ऐकायला अनुपमा मॅडम शाळेत येऊ लागल्या. महिन्यातला एक गुरुवार, अकरा ते बारा. यादीत पहिलं नाव तिसरीतल्या अपेक्षाचं. पावसाळ्यात तिचा धाकटा भाऊ बाळू तापानं गेला, तेव्हापासून ती शाळेत एक शब्द बोललेली नव्हती.

पण पाहुणीला तसंच आत जाऊ द्यायचं म्हणजे गावाची अब्रू गेली. शाळा समितीचे अध्यक्ष हौसराव आप्पा म्हणाले, "गुरुजी, सत्कार झाल्याबिगर म्याडमनी कामाला बसायचं न्हाई." मग प्रास्ताविक दहा मिनिटं, आप्पांचं मनोगत पंचवीस, फोटो आठ, चहा बारा. उरली पाच. त्यात मॅडमची जेमतेम यादी वाचून व्हायची. जाताना त्या मला घडी घालून परत द्यायच्या. पुढच्या महिन्यात मीच पुन्हा नवी.

आणि माझं नि नारळाचं ताट धरायला कोण? अपेक्षा. "लई शांत पोरगी, आजिबात हलत न्हाई," आप्पा कौतुकानं सांगायचे. ताटाखाली ती एकेक बोट आळीपाळीनं मोकळं करायची, ते फक्त मला कळायचं.

असे तीन महिने गेले. चौथ्या महिन्यातल्या गुरुवारी आप्पांचं मनोगत चालू असतानाच मॅडमनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं आणि तिच्यासमोर खालीच बसल्या.

"हात दुखतात का गं?"

"व्हय," अपेक्षा म्हणाली. "आमचा बाळू एवढा जड नव्हता."

आप्पांचं भाषण थांबलं. मला वाटलं, आता तरी सगळे बाहेर जातील. आप्पांनी डोळे पुसले आणि टाळ्यांना सुरुवात केली. "पोरगी बोलली, गुरुजी. शाल आना हिकडं, आधी हिचा सत्कार."

अपेक्षानं तोंड मिटलं ते मिटलंच. बारा वाजले. मॅडमना पुढं वरवंडला जायचं होतं.

मित्रांनो, या माणसांत वाईट कुणीच नाही, हीच माझी पंचाईत. वाईट असती तर चार शब्द सुनावता आले असते. तुम्ही घरी मोठ्यांना एवढंच सांगा: पुढच्या महिन्यात मॅडम आल्या की त्यांना अपेक्षाकडे जाऊ द्या, दार ओढून घ्या आणि तासभर बाहेर गप्प बसा. मला कपाटात कसर लागली तरी चालेल.