मास्तरांची गिरकी

मास्तर गाडी शिकवायचे. शिकणारा माणूस स्टिअरिंग घट्ट धरून बसायचा आणि मास्तर शेजारच्या सीटवर, पायाखाली स्वतःचा जादा ब्रेक घेऊन. तोंडाचा पट्टा अखंड चालू. "क्लच दाबा, गिअर टाका, आरसा बघा, ते कुत्रं सांभाळा, क्लच सावकाश सोडा, सावकाश म्हटलं मी." समोर काही आडवं आलं की मास्तरांचा उजवा पाय दाणकन ब्रेकवर. त्या पायाला अशी काही सवय जडली होती, की जेवताना बायकोने अवघड विषय काढला तरी टेबलाखाली तो दणकायचा. बायको औषधांच्या दुकानात कामाला होती. माणसाला काय होतंय हे तिला चेहरा न बघताही कळायचं.

अर्धं शहर मास्तरांच्या शब्दाबरहुकूम डावी-उजवीकडे वळत होतं. वळत नव्हती ती फक्त त्यांची नऊ वर्षांची पोरगी. घरात तिला भिंगरी म्हणत, कारण ती चालत अशी कधी नसेच.

"भिंगरे, दप्तर उचल, बूट कपाटात ठेव, हात धू आणि येताना माझा चष्मा आण." मास्तरांनी एका दमात सांगितलं. भिंगरीने मान डोलावली, गेली, आणि बऱ्याच वेळाने धुतलेले बूट घेऊन आली. बुटांतून पाणी ठिबकत होतं. तिच्या चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचा आनंद होता.

"पालथ्या घड्यावर पाणी," मास्तर म्हणाले. "ऐकू येत नाही का गं तुला?"

"येतं," भिंगरी म्हणाली, आणि तिचा आनंद मावळला.

बायको तिला कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. मास्तरही गेले, खरं तर वाद घालायला. कान ठणठणीत निघाले. "हिला सगळं ऐकू येतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण ऐकलेलं डोक्यात नीट बसायला वेळ लागतो. पहिलं वाक्य बसतंय तोवर तुम्ही दुसरं, तिसरं, चौथं आत लोटता. मग सगळीच पडतात. एका वेळी एकच गोष्ट सांगा. आणि थांबा."

"म्हणजे लाड करायचे," मास्तर जिना उतरताना म्हणाले. बायको झपाझप पुढे निघून गेली.

तेवढ्यात शाळेचं ते नाचाचं प्रकरण उपटलं. वार्षिक कार्यक्रमात मुलांनी आई किंवा बाबांबरोबर जोडीने नाचायचं होतं. भिंगरीचा नाचावर एवढा जीव, की दात घासतानाही तिचे पाय थांबत नसत. पण नाच बसवणाऱ्या बाईंनी निरोप धाडला होता: मुलगी सूचना पाळत नाही, रांग बिघडवते. पालकांबरोबर एकदा तालमीला आणा, जमलं तर ठीक, नाहीतर नाव कमी करू. भिंगरीचं नाव याआधी गाण्यातून गेलं होतं, कवायतीतून गेलं होतं. आता नाचातूनही गेलं असतं तर पोरीकडे राहिलं काय? त्या रात्री ती जेवली नाही. तालमीच्या दिवशी बायकोची दुकानात कामाची पाळी होती, तेव्हा मास्तरांनाच जावं लागलं.

नाचाच्या बाईंच्या गळ्यात शिट्टी होती आणि बोलण्याला पूर्णविराम नव्हता. "उजवा पाय पुढे, डावा हात कमरेवर, टाळी, गिरकी, दोन पावलं मागे, हात वर, आणि हसा."

मास्तरांचा उजवा पाय पुढे गेला. हात कमरेवर गेला, पण दोन्ही. ते टाळीपाशी पोचले तेव्हा बाकीची मंडळी गिरकी घेऊन मागे यायला लागली होती. त्यातला एक बाप, गलेलठ्ठ बेकरीवाला, पाठमोरा सरकत आला, आणि मास्तरांच्या पायाने जे करायचं तेच केलं. दाणकन. लाकडी मंच हादरला, पेटीवरचा स्पीकर पडला, सगळे जागच्या जागी थांबले. ब्रेक उत्तम लागला होता.

"मास्तर," बाई म्हणाल्या, "ऐकू येत नाही का तुम्हाला?"

"येतं हो," मास्तर म्हणाले. "येतं, पण..."

त्यांची गाडी त्या 'पण'पाशीच अडकली. कान तापले. ऐकू येऊनही हाती काही लागत नाही म्हणजे काय, ते त्यांना त्या क्षणी कळलं, आणि इतकी लाज वाटली की शेजारी उभ्या पोरीकडे बघवेना.

बाईंनी शेवटची संधी दिली: थेट कार्यक्रमात, मागच्या रांगेत, कोपऱ्यात.

"तिथली फळीच वाकडी आहे," घरी आल्यावर मास्तर म्हणाले.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बायको म्हणाली.

भिंगरीला मात्र सगळा नाच येत होता. कसा, म्हणून विचारलं तर तिने थोडा वेळ घेतला. "बाई बोलायला लागल्या की मी ऐकणं सोडून देते. नुसते त्यांचे पाय बघते. पण मग त्या ओरडतात, आणि मी पायही विसरते."

मग तिने शिकवायला घेतलं. मास्तर "आता उजवा, आता डावा" म्हणायला लागले, तर तिने त्यांच्या तोंडावर हात ठेवला. तोंड बंद झालं आणि काय सांगावं, पाय हलायला लागले. खुर्ची आडवी झाली, दिव्याची टोपी उडाली, खालच्या मजल्यावरून कुणीतरी झाडूच्या दांड्याने छत ठोकलं, तर त्या ठोक्यांवरच त्यांनी एक गिरकी मारली. बायको ओरडायला म्हणून आली आणि हसून हसून जमिनीवर बसली.

कार्यक्रमात पहिलं कडवं झकास गेलं. दुसऱ्यात मास्तरांच्या डोक्यात एकदम अंधार. विंगेतून बाई कुजबुजायला लागल्या, "गिरकी, डावीकडे, हात वर, मागे, मागे या, अहो हसा," आणि जो जो शब्द आला तो तो अंधार वाढवत गेला. मास्तर थांबले. भिंगरीही थांबली. तिला पुढचं सगळं येत होतं, ती एकटी नाचू शकली असती. तिने बाबांचे दोन्ही हात धरले.

"बाबा, घाई नाही. मी थांबते."

आणि ती खरंच थांबली. सुस्कारा नाही, कपाळाला आठी नाही. मास्तरांना हुंदका आवरेना. आजवर त्यांच्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं, आणि त्यांनीही कुणासाठी नाही. मग भिंगरीने एक पाय पुढे टाकला. त्यांनी टाकला. तिने टाळी वाजवली. त्यांनी वाजवली.

गाणं संपलं. सगळ्या जोड्यांनी वाकून नमस्कार केला आणि कोपऱ्यातली जोडी नाचतच राहिली. लोक हसायला लागले. बाईंनी पडदेवाल्याला खूण केली, पडदा सरकू लागला. भिंगरीचे पाय अडखळले.

"पडदा थांबवा," मास्तर म्हणाले. गाडीत बोलायचे त्याच आवाजात, शेवटच्या खुर्चीपर्यंत. "आमची एक गिरकी राहिली आहे. आम्हाला वेळ लागतो."

पडदा अर्ध्यावर थांबला. सभागृह वाट बघत बसलं. भिंगरीने बाबांकडे पाहिलं, हसली, आणि दोघांनी, गाण्याविनाच, राहिलेली गिरकी सावकाश पूर्ण घेतली.