बाबांचं बोट

संध्याकाळी कामावरून थेट दादाकडे गेले, तेव्हा वहिनी बाबांना झोपवायच्या तयारीत होती. वाटीतलं सूप जवळपास तसंच होतं.

"दोन चमचे घेतले, पुढे नको म्हणाले," ती म्हणाली.

झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली आहे. उजव्या हाताची बोटं तेवढी जेमतेम हलतात. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हाच आम्ही ठरवलं होतं, हात दाबला की हो, नाही दाबला की नाही. आता ते वाळून काडी झाले होते. पोटात नळी घालायची की नाही, ते उद्या सांगा म्हणून डॉक्टर बजावून गेले होते.

"त्यांना आता जगायचंच नाहीये," दादा म्हणाला. "रोज नाही म्हणतात. कशाला छळायचं?"

माझ्यात वाद घालण्याचं त्राण नव्हतं. दिवसभर एका तारेने माझा जीव मेटाकुटीला आणला होता. आमच्या कामात एका यंत्राकडून दुसऱ्याकडे तारेतून शून्य आणि एक असे आकडे धावतात. एकाच जातीचे आकडे ओळीने आले की तारेवर काहीच हलत नाही, आणि किती आले ते मोजताना पलीकडचं यंत्र चुकतं. तिथेच घोडं पेंड खातं. म्हणून प्रत्येक आकड्याच्या मधोमध एक उडी द्यायची, एक असेल तर वर, शून्य असेल तर खाली. उडी आली की आकडाही कळतो आणि वेळही. वेग निम्मा होतो, म्हणून साहेब कुरकुरतात.

मला पटावं म्हणून वहिनीने बाबांचा हात धरला. "भूक आहे का, बाबा?" हात ढिम्म. गॅसवर काहीतरी ठेवून आलेलं माणूस थांबेल तेवढी ती थांबली. "बरं, मग झोपायचं का?" हात दाबला गेला.

"बघितलंस?" दादा म्हणाला.

बघितलं होतं, आजवर कितीदा तरी. पण आज मला ती तार आठवली.

"वहिनी, परत विचार. आणि पुढचं काही विचारू नकोस."

तिने विचारलं. काही नाही. दादा घसा खाकरायला लागला, मी त्याला हातानेच गप्प केलं. बाबांच्या कपाळावर घाम आला. मग कितीतरी वेळाने हात दाबला गेला.

"हे आता कशाचं उत्तर?" दादाने विचारलं. "भुकेचं," मी म्हटलं. "मघाशीही भुकेचंच होतं, झोपेचं नव्हतं."

मी बाबांचं बोट माझ्या बोटावर ठेवलं. "बाबा, आता नवीन ठरवू. हो असेल तर बोट वर, नाही असेल तर खाली. हललंच नाही तर तुमचं उत्तर यायचंय असं धरायचं. तोवर आम्ही तोंड उघडणार नाही. दादा माझ्यापेक्षा लहान आहे का?"

आम्ही थांबलो. बोट खाली गेलं.

"वागतो तसाच, ते सोडा. भूक आहे?"

बोट थरथरलं आणि वर गेलं.

वहिनीने सूप गरम करून आणलं. चमचा, मग प्रश्न, मग वाट बघणं. एवढ्याशा वाटीला युगं लागली. माझी पाठ मोडून आली होती, पण मी हलले नाही. दर वेळी बोट वरच जात होतं. दुसरी वाटी आणताना वहिनीचा बांध फुटला. "उपाशी झोपवत होते गं मी त्यांना. रोज. वर पांघरूण घालत होते."

"आपण सगळेच," मी म्हटलं. तिला जवळ घ्यायला हवं होतं, पण माझा हात बाबांकडे होता आणि मला सगळ्यांचाच राग आला होता, माझा धरून.

दादा कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता.

तिसरी वाटी अर्धी झाली आणि बोट खाली गेलं.

वहिनीचा विश्वास बसेना. "खरंच नको ना, बाबा?" तिने विचारलं आणि चमचा तसाच धरून थांबून राहिली.